तपासणीच्या वहीत नसलेला धोका

कारखान्यात आवाज किती असावा, याला नियमांत आकडा आहे. आठ तासांच्या पाळीत ९० डेसिबलपेक्षा अधिक आवाज कामगाराच्या कानावर पडू नये असे नियम सांगतो, आणि तपासणीला आलेला अधिकारी हातातल्या यंत्राने तो मोजू शकतो. धूळ, उष्णता, उजेड, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहांची संख्या यांसाठीही अशीच मापे ठरलेली आहेत. मात्र उद्याची पाळी कोणती हे कामगाराला आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर कळते का, सुपरवायझर चार लोकांदेखत त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलतो, तीन माणसांचे काम दोघांवर टाकताना त्या दोघांना कोणी विचारले होते का, आणि यातले काही खटकले तर नोकरी धोक्यात न घालता ते सांगण्याची सोय आहे का, यांपैकी एकही प्रश्न तपासणीच्या वहीत नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील नोकरदार माणसाच्या प्रकृतीचा विचार करायचा असेल तर या न विचारलेल्या प्रश्नांना आवाज आणि धुळीइतकेच महत्त्व द्यावे लागेल, आणि तेही माणसाच्या मनोबलाचा प्रश्न म्हणून न देता कामाच्या रचनेचा प्रश्न म्हणून द्यावे लागेल, असे मला वाटते.

कामाच्या ताणाविषयी आपल्याकडे गेल्या दोन-तीन वर्षांत जी चर्चा झाली ती जवळजवळ सगळी तासांभोवती फिरली. २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे म्हटले, २०२५ च्या सुरुवातीला लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी तो आकडा ९० वर नेला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. तासांचा प्रश्न खोटा नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो, आणि २०१६ या एका वर्षात जगभरात असे सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले. पण तासगावचा द्राक्षबागायतदार छाटणीच्या दिवसांत पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत बागेत राबतो, त्याचे तास कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील कामगारापेक्षा कमी नसतात, आणि तरीही दोघांच्या थकव्याची जात वेगळी असते. बागायतदाराला बाजारभाव आणि अवकाळी पाऊस छळतो, कर्जाचा हप्ता झोपू देत नाही. परंतु आज कोणत्या ओळीत हात घालायचा आणि पाणी प्यायला कधी थांबायचे हे तो स्वतः ठरवतो. तासांच्या चर्चेत हा फरक पूर्ण सुटतो.

या फरकाचा शास्त्रीय अभ्यास जुना आहे. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये असे मांडले की कामाचा बोजा जास्त असणे एवढ्याने माणूस आजारी पडत नाही. बोजा जास्त आणि ते काम कसे करावे यावर स्वतःचा अधिकार कमी, अशी जोडी जमली की प्रकृती ढासळू लागते. पुढे त्यात सहकाऱ्यांचा आणि वरिष्ठांचा आधार हा तिसरा घटक मिळवला गेला. जर्मनीतील अभ्यासक योहानेस सीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये दुसऱ्या बाजूने तोच प्रश्न धरला: माणूस जेवढे ओततो त्या मानाने त्याला पैसा, मान आणि नोकरीची खात्री मिळते का? या तिन्हींत सतत तूट राहिली तर ती शरीर सोसते.

यातला सर्वांत बोलका पुरावा लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतून आला. १९६७ मध्ये सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात सुमारे १८ हजार पुरुष कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. हे कोणी खाणकामगार नव्हते, सगळे खुर्चीत बसून काम करणारे, पगार वेळेवर घेणारे, मोफत सरकारी उपचार मिळणारे लोक होते. समजूत अशी की साहेबाला जबाबदारी जास्त, म्हणून हृदयविकार साहेबाला. निघाले उलटे. सर्वांत खालच्या श्रेणीतील शिपाई आणि निरोप्ये यांचा हृदयविकाराने होणारा मृत्यूदर सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट होता, आणि धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळे हिशेबात धरूनही त्या फरकाचा मोठा भाग उरतच होता. १९८५ मध्ये मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांसह १०,३०८ कर्मचाऱ्यांचा दुसरा अभ्यास सुरू झाला, तेव्हा उरलेल्या फरकाचे एक मोठे कारण म्हणून ‘आपल्या कामावर आपला ताबा किती’ हा घटक पुढे आला. याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाची वाटते. त्यातील एका खात्याचे खासगीकरण होणार असे जाहीर झाले, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांची प्रकृती इतर खात्यांतील लोकांच्या तुलनेत नोकरी जाण्याआधीच, ती जाईल की राहील याची वाट पाहण्याच्या काळातच बिघडू लागली.

आकडे फुगवून सांगण्याचा मोह या विषयात फार होतो, म्हणून दुसरी बाजूही नोंदवतो. युरोपातील १३ अभ्यासगटांतल्या सुमारे १ लाख ९७ हजार लोकांची माहिती एकत्र करून २०१२ मध्ये जे विश्लेषण झाले, त्यात जास्त बोजा आणि कमी अधिकार असलेल्या नोकरीमुळे हृदयविकाराचा धोका २३ टक्क्यांनी वाढतो असे दिसले. एकूण हृदयविकारांपैकी यामुळे होणारा वाटा ३.४ टक्के निघाला. धूम्रपानाचा वाटा याच्या कितीतरी पट मोठा आहे. तेव्हा कामाच्या ताणालाच सगळ्या रोगांचे मूळ ठरवणे बरोबर नाही. परंतु तंबाखूची पुडी दुसऱ्या पाळीच्या सुट्टीत दोनदाच्या ऐवजी सहादा का उघडली जाते आणि बाराची पाळी सुटल्यावर घरी जाण्याआधी माणूस कुठे थांबतो, हे प्रश्न विचारले की तो वाटा वेगळा काढणे सोपे राहत नाही.

शरीरात काय घडते याचा ढोबळ आराखडा आता पुरेसा स्पष्ट आहे. धोक्याची जाणीव झाली की ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, हृदयाचे ठोके आणि रक्तातली साखर वाढते. धोका टळला की सगळे खाली येते. ‘पुढच्या महिन्यात गेटवर नाव असेल का’ हा धोका मात्र टळतही नाही आणि अंगावर येतही नाही. त्यामुळे खाली येण्याची प्रक्रियाच अर्धवट राहते. आपल्याकडचा कामगार डॉक्टरकडे जाऊन ‘मला मानसिक ताण आहे’ असे म्हणत नाही. तो पित्त सांगतो, छातीत धडधडते म्हणतो, झोप मोडते, डोके भणभणते, कंबर धरते असे सांगतो. मिरजेला मिशनरी डॉक्टर वानलेसच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, दूरदूरचे रोगी येतात. आज तिथे हृदयाच्या शस्त्रक्रियेपर्यंत सगळी सोय आहे. पण या शहरातही बाह्यरुग्ण विभागात रोग्याला ‘काम काय करता’ एवढेच विचारले जाते. ‘पाळी कशी बदलते, नोकरी कायम आहे का, वरचा माणूस कसा आहे’ हे विचारायला त्या गर्दीत कोणाला वेळ नसतो. आम्लपित्ताची गोळी मिळते आणि माणूस पुन्हा त्याच पाळीला जातो.

आता आपल्या पट्ट्यातील कामाची रचना पाहू. साताऱ्याची जुनी औद्योगिक वसाहत, शिरवळ-खंडाळ्याचा महामार्गालगतचा भाग, फलटणचे नवे कारखाने, कुपवाड आणि मिरज येथील फौंड्र्या आणि यंत्रशाळा, विट्याचे यंत्रमाग, सर्वत्र एक शब्द सारखा ऐकू येतो: ‘ब्रेक’. राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांनुसार सलग २४० दिवस काम केलेल्या तात्पुरत्या कामगाराला कायम होण्याचा हक्क मिळतो, म्हणून ते दिवस भरण्याआधीच त्याला काही दिवस घरी बसवायचे आणि मग नव्या ठेकेदाराच्या नावावर, कधी ट्रेनी म्हणून, पुन्हा त्याच यंत्रावर उभे करायचे, ही पद्धत इतकी रुळली आहे की तिच्यात काही वावगे आहे असे कामगारालाही वाटेनासे झाले आहे. दहा वर्षे एकाच यंत्रावर काम करून जो माणूस कागदोपत्री दर वर्षी नवा असतो, त्याला घराचे कर्ज मिळत नाही, लग्नाच्या बैठकीत ‘कायम आहे का’ या प्रश्नाला उत्तर देता येत नाही, आणि शेजारच्या कायम कामगाराएवढेच काम करून हातात निम्मेशिम्मे पडते. सीग्रिस्ट यांनी सांगितलेल्या पैसा, मान आणि खात्री या तिन्ही तुटी इथे एकाच माणसाच्या वाट्याला येतात.

साखर कारखान्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे आणि त्याविषयी मोकळेपणाने लिहिले जात नाही. या दोन्ही जिल्ह्यांना सहकाराने शाळा, रस्ते, दवाखाने दिले, हजारो घरांत पहिला महिन्याचा पगार कारखान्यातून आला, हे ऋण मोठे आहे. पण तो पगार ज्या वाटेने आला ती वाट बहुधा शिफारशीची होती. कोणाच्या तरी वडिलांनी आबांना, दादांना, बापूंना सांगितले, त्यांनी चिठ्ठी दिली आणि मुलगा हंगामी म्हणून लागला. नोकरी हक्काने मिळाली नाही, कृपेने मिळाली, ही भावना त्या मुलाबरोबर निवृत्तीपर्यंत राहते आणि तिच्यामुळे तक्रार करणे हा कृतघ्नपणा ठरतो. पगार दोन-दोन, चार-चार महिने थकल्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. त्या काळात कामगार काय करतो? तो किराणा दुकानात उधारी वाढवतो, पतसंस्थेत सोने ठेवतो, आणि पाळीला वेळेवर हजर राहतो. संचालक मंडळाच्या निवडणुकीत त्याने प्रचाराला फिरायचे असते, कारण त्याच्या घरची मते मोजलेली असतात. निकाल विरुद्ध गेला तर बॉयलरवरून उसाच्या गव्हाणीकडे किंवा दूरच्या शेतकी गटाकडे बदली होऊ शकते हे त्याला माहीत असते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. कारासेक ज्याला कामावरचा अधिकार म्हणतात तो इथे यंत्र कसे चालवावे एवढ्यापुरता राहत नाही. मत कोणाला द्यावे आणि कोणाच्या लग्नाला जावे हेही कामगाराच्या हाती उरत नाही. परदेशी प्रश्नावल्यांत यासाठी रकाना नाही. आपल्या विद्यापीठांनी तो तयार करायला हवा होता.

कृपेची ही परंपरा सहकाराच्याही आधीची आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या आश्रयाने कुंडलच्या माळावर कारखाना आणि वसाहत उभी केली, आणि समाजाने गुन्हेगार ठरवलेल्या माणसांनाही विश्वासाने काम दिले. त्या काळाच्या मानाने ही फार मोठी गोष्ट होती आणि तिने माणसांना स्थैर्य दिले, यात शंका नाही. तरीही चांगला मालक मिळणे हा नशिबाचा भाग असतो, आणि एखाद्याची प्रकृती त्याच्या नशिबावर सोडू नये म्हणूनच कायदे करायचे असतात.

याच कारखान्यांच्या फडात दर हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, उचल आधी घेतलेली असते, आणि खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचे उघड झाले आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या शस्त्रक्रियांमागे खासगी डॉक्टरांचा लोभ होता, अज्ञान होते; पण मासिक पाळीच्या दिवसांतही विश्रांती घेतली तर दंड बसतो, ही कामाची अटही होती. कामाची रचना शरीरावर किती थेट चालून येते, याचा याहून उघड दाखला महाराष्ट्रात शोधायला जायची गरज नाही. या मजुरांना कारखान्याचे कामगार मानलेच जात नाही, त्यामुळे त्यांच्या प्रकृतीची जबाबदारी कारखाना, वाहतूकदार आणि मुकादम यांच्यात फिरत राहते.

शिक्षणक्षेत्राबद्दल थोडेच लिहितो. कर्मवीरांच्या साताऱ्यात वरिष्ठ महाविद्यालयांत नेट-सेट झालेले, पीएच.डी. असलेले प्राध्यापक वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवतात. सुट्टीच्या महिन्यांत त्यांचे मानधन थांबते आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत द्यावी लागते. त्यांच्या अवस्थेला ‘बुद्धिजीवींचा ब्रेक’ म्हणायला हरकत नाही.

यावर लहान उद्योजकांचा एक आक्षेप असतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. कुपवाडात दहा-पंधरा माणसांची यंत्रशाळा चालवणारा मालक म्हणतो की मला तरी कुठे खात्री आहे. मोठ्या कंपनीची ऑर्डर आज येते, उद्या थांबते, बिलाचे पैसे महिनोन्‌महिने अडकतात, मग मी पाळीचे वेळापत्रक दोन आठवडे आधी कसे लावू? त्याचे म्हणणे खरे आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांना ४५ दिवसांत पैसे मिळावेत असा कायदा २००६ पासून आहे, २०२४ पासून त्याला आयकराच्या तरतुदीचीही जोड मिळाली, पण मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करून पुढची ऑर्डर गमावण्याची हिंमत लहान मालकात नसते. म्हणजे कामगाराला जी भीती ठेकेदाराची, तीच मालकाला वरच्या कंपनीची. ताण असा वरून खाली उतरत जातो आणि ज्याच्या खाली कोणी नाही त्याच्या घरात जाऊन थांबतो. तिथे बहुधा एक बाई असते, जी स्वतः बेदाण्याच्या शेडमध्ये प्रतवारी करून नुकतीच परतलेली असते. म्हणूनच केवळ लहान मालकाला दोषी धरून भागणार नाही. ज्या मोठ्या कंपन्या आपल्या अहवालांत कर्मचारी कल्याणाची पाने भरतात, त्यांच्या पुरवठादारांच्या आवारातील परिस्थिती हाही त्यांचाच विषय मानला पाहिजे.

सध्या प्रचलित असलेला उपाय म्हणजे शिबिर. वर्षातून एकदा योगासने, एखादा प्रेरक वक्ता, नाश्ता आणि गटफोटो. योगाने कोणाचे वाईट होत नाही आणि ज्याला त्याचा उपयोग होतो त्याने तो जरूर करावा. पण ज्या माणसाची पाळी आठवड्यात तीनदा बदलते त्याला झोपेचे महत्त्व सांगणे ही थट्टा आहे, आणि त्याहून वाईट हे की त्यातून दोष त्याच्याकडे सरकतो: श्वास नीट घेतला असता तर तू आजारी पडला नसतास. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत कामाच्या परिस्थितीतच बदल करणारे संस्थात्मक उपाय आणि व्यवस्थापकांचे प्रशिक्षण यांचा समावेश आहे. त्याआधी २०२१ मध्ये आयएसओ ४५००३ हे मानक याच विषयावर निघाले. आपल्याकडचे कारखाने गुणवत्तेचे आयएसओ प्रमाणपत्र गेटवर मोठ्या अक्षरांत लावतात. हे मानक मात्र फारसे कोणाला माहीत नाही.

कायद्याने यात काही करता येते का, अशी शंका घेतली जाते. फ्रान्समध्ये ते करून झाले आहे. फ्रान्स टेलिकॉम या कंपनीने पुनर्रचनेच्या नावाखाली सुमारे २२ हजार लोक कमी करायचे ठरवले, त्यासाठी माणसे स्वतःहून सोडून जातील अशी परिस्थिती निर्माण केली, आणि त्या काळात अनेक कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या. डिसेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने कंपनीला आणि तिच्या माजी प्रमुखांना संस्थात्मक मानसिक छळासाठी दोषी ठरवले, आणि २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाचे तत्त्व कायम ठेवले. एखाद्या दुष्ट वरिष्ठाने एखाद्या कर्मचाऱ्याला छळले एवढाच गुन्हा न मानता, धोरणच छळाचे असू शकते, हे त्यात मान्य झाले. आपल्याकडे कारखाना कायद्याच्या सूचनीय रोगांच्या, म्हणजे आढळल्यास सरकारला कळवावेच लागणाऱ्या रोगांच्या, यादीत २९ नोंदी होत्या. शिशाची विषबाधा, सिलिकोसिस, आवाजाने येणारे बहिरेपण त्यात आहे, मानसिक आजार एकही नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या तरी या बाबतीत विचार पुढे गेलेला दिसत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने तर २०१० मध्येच आपल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत मानसिक व वर्तनविषयक विकारांचा समावेश केला होता.

मोठा कायदा येईपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. वेतन संहितेप्रमाणे मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत झाला पाहिजे. या एका तरतुदीची अंमलबजावणी साखर कारखान्यांपासून सुरू केली तर किती घरांतली झोप परत येईल, याचा अंदाज कामगार खात्याला नक्की आहे. पाळीचे वेळापत्रक किमान आठवडाभर आधी फलकावर लावणे, रात्रपाळीनंतर लगेच दिवसपाळी न देणे, बदलीचे कारण लेखी देणे, यांना पैसा जवळजवळ लागत नाही. सुरक्षा समितीत कामगारांचे प्रतिनिधी असतात, पण त्यांची निवड बहुतेक ठिकाणी व्यवस्थापनच करते. ती गुप्त मतदानाने व्हावी, आणि समितीच्या विषयपत्रिकेवर हातमोजे व हेल्मेट यांच्याबरोबर अपुरी माणसे, बदलत्या पाळ्या आणि वागणूक हे विषय कायमचे असावेत. ठेक्यावरच्या कामगारालाही त्या मतदानात भाग असावा, नाहीतर ज्यांना सर्वांत जास्त सांगायचे आहे तेच बाहेर राहतील.

आणखी एक गोष्ट सहकारी साखर कारखान्यांना लगेच करता येण्यासारखी आहे. त्यांच्या वार्षिक अहवालात गाळप किती झाले, साखर उतारा किती पडला, वीज किती निर्माण झाली हे दोन दशांशांपर्यंत छापलेले असते आणि सर्वसाधारण सभेत त्यावर तासन्‌तास वाद होतो. त्याच अहवालात एक पान कामगारांसाठी ठेवावे: वर्षात कोणत्या महिन्याचा पगार कोणत्या तारखेला झाला, कायम, हंगामी आणि ठेक्यावरचे कामगार किती, किती जणांच्या बदल्या झाल्या आणि कोणत्या कारणाने, आजारपणाच्या रजा कोणत्या विभागात सर्वांत जास्त पडल्या, निवृत्तीच्या आधी किती कामगार वारले. ही सगळी माहिती वेळ कार्यालयात आणि मस्टरवर आजही आहे. ती छापली गेली, तर सभेत उभा राहणारा सभासद, ज्याचा मुलगा किंवा पुतण्या त्याच कारखान्यात कामाला असतो, उसाच्या दराबरोबर त्या पानावरही प्रश्न विचारू शकेल.